तीन फॅन आत, एक बाहेर

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तिचा एक फोटो हुडकून दे. मोठा करून लावावा लागंल. जलदानविधीला आठ दिवस हायेत."

मी "हो" म्हणालो.

कुरुंद्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे काकांचा. पण सात वर्षं तिथला कॉम्प्युटर मी सांभाळतोय, त्यामुळे तोंडात आमचाच येतं. हे असं वाक्य काका मला महिन्याला दोन-तीनदा तरी सांगायचे. अमक्याच्या आईचा हुडकून दे, तमक्याच्या भावाचा हुडकून दे, तेरवीला आठ दिवस हायेत. मी हो म्हणायचो आणि तासाभरात चेहरा सापडायचा. त्या दिवशी हो म्हणताना मला माहीत होतं की कॉम्प्युटरमध्ये काकूंचा एकही फोटो नाही. काकांनाही माहीत होतं. पण ज्याचं माणूस कालच गेलंय त्याला नाही कोण म्हणणार? त्यातून तो फोटो नव्हता तो माझ्यामुळे नव्हता.

मी इथला नाही. माझं गाव सावंतवाडीच्या बाजूला. नववीत दोनदा नापास झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. गोव्यात हॉटेलात राबलो, कोल्हापुरात मोबाइलच्या दुकानात बसलो, कुठेच दोन वर्षांच्या वर टिकलो नाही. मावशीचे यजमान तेव्हा वसमतजवळच्या साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी बोलावलं म्हणून आलो. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते परत गेले. मी मात्र राहिलो, कारण काकांना कॉम्प्युटर येणारा माणूस हवा होता आणि मी मला सगळं येतं म्हणून सांगितलं होतं. त्यातलं निम्मं खोटं होतं. लोकांची बिघडलेली मशीनं उघडून आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला माणूस मी. माझ्याकडे कुठला कागद नाही. आजही कोणी तुमचं शिक्षण किती असं विचारलं की मी दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

स्टुडिओच्या मागची खोली त्यांनी मला दिली. काका-काकूंना लेकरूबाळ नव्हतं. जेवण त्यांच्यातच. पहिल्या आठवड्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा माझ्या पोटाला झेपेना, मी अर्ध्यावर उठायचो. काकूंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुरता वेगळा भात टाकला.

"काहून रं कोकण्या, भाताबिगर मरतंय का माणूस?" असं म्हणत वाढला. त्यानंतर सात वर्षांत माझ्या ताटात भात नाही असं एकदाही झालं नाही.

आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलस काय रे?" एकदा काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. एक मालवणीत बोलतेय, दुसरी इकडच्या बोलीत. एकमेकींचं निम्मं तरी कळलं असेल की नाही कोण जाणे, पण अर्धा तास बोलल्या. फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "तुझी माय लई घोर लावून घेती. तू तिच्यावरच गेलास."

तेही खरं आहे. मला सगळ्याची भीती वाटते. शटर लावलं की मी दोनदा परत येऊन बघतो.

स्टुडिओचं काम लग्नांचं, पण मोठी जबाबदारी मेलेल्यांची. गावात स्वतःचा एकट्याचा फोटो मुद्दाम काढून ठेवणारी माणसं थोडी, त्यातून म्हातारी आणखी थोडी. घरात कोणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पायरीवर येऊन उभा राहतो. मग काका डोळे मिटून आठवायचे. "तुझी चुलती व्हय? ती सरपंचाच्या पोरीच्या लग्नात हाय. बायांच्या पंगतीत, हिरव्या लुगड्यावर. बघ रं." मी ते फोल्डर उघडायचो आणि बाई तिथे असायची, हातात लाडू धरून. तो लाडू काढायचा, पदर सरळ करायचा, मागे निळा रंग टाकायचा. काकांचा नियम एकच. "सुरकुत्या पुसू नको. सुरकुत्या पुसल्या की घरचे वळखत न्हाईत."

असा अख्ख्या पंचक्रोशीचा हिशेब काकांच्या डोक्यात आणि कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमध्ये होता. काकू मात्र कुठल्याच लग्नाच्या अल्बमात नव्हत्या, कारण प्रत्येक लग्नात लाइट धरून त्याच उभ्या असायच्या. काकांचा कॅमेरा आणि काकूंचा लाइट, लग्न झाल्यापासून दोघांचं असंच चाललेलं. फक्त नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आधी, उजेड बरोबर पडतोय का हे बघायला काका त्यांना नवरीच्या खुर्चीपाशी उभं करायचे. लाइट तेवढ्यापुरता माझ्या हातात. काकू पदर खोचून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "दर लग्नात नवरी मीच बगा. नवरदेव तेवढा येत न्हाई."

"आलाय की," काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचे. "तुझ्या समोरच उभा हाय. दिसंना झालंय का तुला?"

त्या हसायच्या आणि फोटो निघायचा. दोन किंवा तीन. ते टेस्टचे फोटो गिऱ्हाइकाला द्यायचे नसतात. पण काकांनी ते कधी पुसलेही नाहीत. प्रत्येक लग्नाच्या फोल्डरमध्ये सगळ्यात आधी काकूच असायच्या, डिजिटल कॅमेरा आल्यापासूनच्या चौदा वर्षांतल्या. केस काळे होते तेव्हापासून पिकेपर्यंतच्या.

आता फॅनचं सांगतो.

स्टुडिओवर पत्रे आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आत बसलं की डोकं तापलेल्या तव्याखाली धरल्यासारखं वाटतं. माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. अल्बमची पानं जुळवत असायचो आणि स्क्रीन काळी. समोर गिऱ्हाईक बसलेलं. काका एक दिवस सहज म्हणाले, "तुला जमतंय न्हवं? न्हाईतर नांदेडहून मेकॅनिक बोलावतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मेकॅनिक येईल, मशीन उघडेल, मला काय काय येत नाही ते त्याला पाच मिनिटांत कळेल, आणि मी पिशवी भरून बसस्टँडवर. असंच माझ्या डोक्यात चाललं होतं. म्हणून मी म्हणालो, "मेकॅनिक कशाला? हवेचा प्रश्न आहे. चार फॅन आणा."

आणि ते खरंच होतं. कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, म्हणजे एक बंद खोलीच. आत चार-पाच वस्तू सतत तापतात. थंड हवा एका बाजूने यायला हवी, तापलेल्या वस्तूंवरून जायला हवी आणि दुसऱ्या बाजूने निघायला हवी. समोरून आत, मागून बाहेर. गरम हवा वर चढते म्हणून बाहेरचा फॅन वरच्या अंगाला. मधे वायरींचं जंगल असलं की वारा तिथेच घुटमळतो, म्हणून वायरी मागे ओढून बांधायच्या. फॅन उलटा लागू शकतो, ही सगळ्यांची चूक. त्याच्या कडेला दोन बारीक बाण असतात. एक पाती कुठे फिरतात ते सांगतो, दुसरा वारा कुठे जातो ते. बाण पुसट असले तर साधी खूण अशी की मोकळ्या पात्यांची बाजू वारा ओढते आणि आडव्या दांड्यांची बाजू सोडते.

हे सगळं मी व्हिडिओ बघून वहीत लिहून काढलं होतं. समोर तीन फॅन लावले, मागे वर एक. बाण बघितले, दांड्या बघितल्या, तरी भरवसा वाटेना. म्हणून काकूंकडून अगरबत्ती मागितली. पेटवून कॅबिनेटच्या तोंडासमोर धरली.

काकू दारातून बघत होत्या. "आता मशीनीची बी वंदना सुरू केली का रं?"

"वारा बघतोय काकू."

धूर सरळ आत ओढला गेला आणि थोड्या वेळाने मागच्या जाळीतून वर निघाला. काका खूश झाले. शेजारच्या किराणावाल्याला बोलावून त्यांनी दाखवलं. "आमच्या पोरानं मशीनीला नाक बसवलं." मी मान खाली घालून हसत होतो. इथवर मी काहीच चुकलो नव्हतो.

पण वारा आतून बाहेर गेला तरी मुळात वाराच तापलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी आतल्या उष्णतेचा आकडा लावून ठेवला होता आणि तो मी ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखा सारखा बघायचो. ऐंशीच्या खाली येईना. तेव्हा माझं लक्ष कूलरकडे गेलं.

खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर होता. त्याच्या वाऱ्यात काका बसायचे, आणि दुपारी काकू तिथे बसून अल्बमला पुठ्ठे चिकटवायच्या. मी म्हणालो, "काका, कूलरचं तोंड थोडं कॉम्प्युटरकडे केलं तर?"

काकांनी एका शब्दाने विचारलं नाही. स्वतः स्टूल ओढून कूलर फिरवला. आता कूलरचा वारा सरळ कॅबिनेटच्या तोंडावर आणि माझे तीन फॅन तो घटाघटा आत ओढतायत. आकडा पन्नासच्या खाली आला. मशीन त्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. काका-काकू मात्र उकाड्यात. काकूंनी अल्बमचा एक पुठ्ठा घेतला आणि आधी काकांना, मग स्वतःला वारा घालायला लागल्या. "सासरा आलाय ना घरी. त्याला कूलर. आपुन पुठ्ठ्यावर."

मी ओशाळलो. पण मनातून मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आता मेकॅनिक येणार नव्हता.

माझं कुठे चुकलं ते सांगायला आता सोपं आहे. आमच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे हळदीचं आवार आहे. फेब्रुवारीपासून पुढे तिथे हळद शिजते, वाळते आणि मग मोठ्या ड्रममध्ये घालून घासतात. त्या ड्रममधून पिवळी धूळ उडते. गल्ली पिवळी होते, दोरीवरचे कपडे पिवळे होतात, माणसांच्या पापण्यांवर हळद बसते. कूलर ती हवा बाहेरून ओढायचा, ओल्या गवतातून काढायचा आणि माझ्या फॅनच्या तोंडी द्यायचा. त्यात बोअरचं पाणी, ज्याचा पांढरा थर बादलीलाही धरतो. म्हणजे मी रोज आठ-दहा तास ओली, खारी हळद मशीनला पाजत होतो. समोरच्या तीन फॅनच्या अगदी मागे दोन्ही हार्डडिस्क होत्या.

नांदेडच्या मेकॅनिकने हे केलं नसतं. इथल्या माणसानेही केलं नसतं. ओली हळद वाळली की कशी घट्ट बसते ते इथलं पोरगंही सांगेल. मी समुद्राकडचा. आमच्याकडे वारा ओलाच असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. थंड आहे म्हणजे चांगला, एवढंच मला कळलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. काका एकदा म्हणाले होते, "दोन डिस्क हायेत, तर एक काढून कपाटात ठेवू का?" मी म्हणालो, "कशाला काका? एक बिघडली तर दुसरीत असतंच." दोन्ही एकाच डब्यात, एकाच वाऱ्यात.

त्यानंतर आणखी दोन उन्हाळे गेले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी कॉम्प्युटरमधून टक् असा बारीक आवाज आला आणि करपलेल्या फोडणीचा वास सुटला. मागच्या घरातून काकूंनी विचारलं, "काय लागलं रं तळाला?"

काका त्या दिवशी एका लग्नाचं ठरवायला औंढ्याला गेले होते. मी कॅबिनेटची बाजू उघडली. खालचा अर्धा भाग पिवळा होता. नवरीच्या अंगावर वाळलेल्या लेपासारखी हळद बसली होती, कडक, मधे पांढऱ्या रेघा. वीज देणारा डबा जळाला होता आणि जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला होता. मी वायरी बदलून बघितल्या, माझ्या खोलीतल्या जुन्या मशीनला डिस्क लावून बघितल्या. डिस्क फिरेनात.

काका यायला दोन तास होते. त्या दोन तासांत मी काय केलं ते मी आईलाही सांगितलेलं नाही. खाली वर्तमानपत्र पसरलं, चाकूने आणि दात घासायच्या ब्रशने सगळी हळद खरवडली, थिनरने पुसलं, फॅनची पाती धुतली. कूलरचं तोंड परत खुर्चीकडे फिरवलं. मधेच काकू चहा घेऊन आल्या. वर्तमानपत्रावर पिवळ्या चुऱ्याचा ढीग होता.

"काय करून राहिला?"

"साफ करतोय."

त्यांनी तो ढीग बघितला, मग मला बघितलं. चहा ठेवला. वर्तमानपत्राची चारही टोकं जुळवून पुरचुंडी केली आणि घेऊन गेल्या. मला वाटलं, बरं झालं, यांना यातलं काही कळत नाही.

काका आल्यावर मी म्हणालो, "लाइटीचा झटका आला. व्होल्टेज."

कुरुंद्यात व्होल्टेजवर कोणी शंका घेत नाही. त्याच आठवड्यात पलीकडच्या घरातला टीव्ही उडाला होता. काका कॅबिनेटसमोर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "सगळंच गेलं का?"

डिस्क पुण्याला पाठवल्या. महिन्याने एक पेनड्राइव्ह परत आला. त्यात काही हजार फायली होत्या, नावं गेलेल्या, नुसते आकडे. बहुतेक उघडतच नव्हत्या. ज्या उघडायच्या त्यात वरचा थोडा भाग नीट आणि खाली नुसता राखाडी रंग. काकांनी चार-पाच बघितल्या. मंडपाचं छत आणि राखाडी. फेट्यांचे तुरे आणि राखाडी. त्यांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. "ठेव कुठं तरी."

लोक आले. ज्यांचे अल्बम छापायचे राहिले होते ते आले. एक बाई पायरीवर बसून रडली, तिचा बाप लेकीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांत गेला होता. एकाने काकांना नको ते बोलून घेतलं. काका प्रत्येकाला एकच सांगायचे, "व्होल्टेजनं केलं बाबा. आमच्या पोराचा काही दोष न्हाई." ते असं म्हणाले की मी कीबोर्ड पुसायला लागायचो.

नवीन मशीन आलं ते मी वेगळं मांडलं. समोर दोन फॅन, मागे एक, तोंडावर चाळणीचं बारीक कापड, दर शनिवारी ते धुवायचं. कूलरपासून दूर, आतल्या भिंतीला. एक डिस्क कपाटात. लग्नसराई संपलेली, आणि जे झालं त्यानंतर दिवाळीपुढचं एकही लग्न आमच्याकडे आलं नाही. आता सगळं बरोबर होतं आणि आत काहीच नव्हतं.

काकू त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या. सकाळी चूल पेटवताना छातीत कळ आली, वसमतला नेईपर्यंत संपल्या. जीपमध्ये त्यांचं डोकं काकांच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या.

तर ते आठ दिवस.

पहिल्या दिवशी घरात होतं ते बघितलं. दोघांच्या लग्नाचा एक फोटो होता, त्यात काकूंची मान खाली आणि चेहऱ्यावर फुलांच्या माळा. काका म्हणाले, "ही तर पोरगी हाय. माझ्यासंगं तीस वर्षं राहिली ती ही न्हवं." आधार कार्डावरचा चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. काकूंचा स्वतःचा मोबाइल बटणांचा. माझ्या मोबाइलमध्ये नुसती उघडलेली मशीनं आणि वायरी. काकूंच्या भाचीच्या मोबाइलमध्ये दोन फोटो निघाले, एकात पाठ आणि दुसऱ्यात त्यांनी चेहऱ्यापुढे धरलेला हात.

मग आम्ही घरोघर निघालो. ज्या ज्या घरी आम्ही अल्बम दिला होता तिथे काका दारात उभे राहून म्हणायचे, "अल्बम बघू द्या जरा. आमच्या हिचा फोटो हाय का बघतो." इतकी वर्षं लोक आमच्या पायरीवर यायचे. आता आम्ही त्यांच्या. सगळ्यांनी मानाने बसवलं. माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून लग्नाचे व्हिडिओ लावले. काकूंचं काय काय दिसलं? मंडपाच्या कापडावर सावली. फोटोच्या कडेला बांगड्यांचा हात. एका ठिकाणी हिरवी पाठ. व्हिडिओत तर उजेड हलला की आम्हाला कळायचं, आता त्या नवरीच्या मावशीकडे वळल्या, आता दमून हात बदलला.

एका घरची सून म्हणाली, "काकू तर दिवसभर आमच्यातच व्हत्या. जेवल्या बी आमच्याच पंगतीला. मग फोटूत काहून न्हाईत?"

"उजेड कुणी धरला व्हता मग?" काका म्हणाले. आणि उठले.

पाचव्या दिवशी मी पुण्याहून आलेला तो पेनड्राइव्ह शोधून काढला. काकांना सांगितलं नाही. एकेक फाईल उघडायची, राखाडी असेल तर पुढची. सकाळी बसलो तो दुपारी उठलो, परत बसलो. सहाव्या दिवशी दुपारी एक उघडली. वर मंडपाची झालर. त्याखाली भांग. पिकलेल्या केसांतला, थोडा वाकडा. कपाळ. भुवया. हसून बारीक झालेले डोळे. नाक सुरू होत होतं, आणि तिथून खाली राखाडी.

मी काकांना हाक मारली. ते स्टूल ओढून बसले. मग त्यांचा कामाचा आवाज आला. "खालचं आधारवरचं लाव."

मी लावलं. रंग जुळवला, उजेड जुळवला. काका बाजूने सांगत होते. "ओठ जरा डावीकडं घे. हसली की डावीकडं जायचे. हनुवटी बारीक कर. न्हाई, एवढी न्हाई." दोन तासांनी एक बाई तयार झाली. कुठे जोड दिसत नव्हता. मी एवढं चांगलं काम आयुष्यात केलं नसेल. काका पुढे झुकले, मागे झाले, चष्मा काढून परत घातला.

"ही कोण हाय?" ते म्हणाले. रागावून नाही. खरंच विचारल्यासारखं.

मी माऊसवरचा हात काढला.

"काढ ते खालचं. जेवढी ऱ्हायली तेवढीच छाप."

"राखाडी भाग कापू का?"

"न्हाई. असू दे."

तसाच मोठा करून छापला, तसाच फ्रेममध्ये घातला. आठव्या दिवशी बुद्धमूर्तीच्या बाजूला तो ठेवला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या. वंदना झाली. लोक फुलं वाहायला पुढे यायचे आणि फ्रेमपाशी अडखळायचे. एकाने माझ्या कानात विचारलं, "छपाई बिघडली का?" मी नुसती मान हलवली. काका भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनीच आजवर प्रत्येक घराला चेहरा पुरा करून दिला होता.

समोरच्या हळदीच्या आवारात निवडायला येणारी एक म्हातारी शेवटी आली. काकूंची ती जुनी ओळखीची. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिने फ्रेम दोन्ही हातांनी धरून डोळ्यांपाशी नेली. बघत राहिली. मग कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पदर तोंडाला लावून हसून राहिली बघ. अशीच हसायची."

काका उठून मागच्या अंगणात गेले.

दुपार कलताना माणसं पांगली. मी पत्रावळी गोळा केल्या, काका सतरंज्या झटकत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काका, व्होल्टेज नव्हतं."

ते झटकत राहिले. "ठाऊक हाय."

मी हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या.

"तिनं त्याच दिवशी सांगितलं मला. मशीनीतून किलोभर हळद काढली म्हणली पोरानं." त्यांनी सतरंजी खाली टेकवली. "म्हणली, लेकरू लई भिऊन गेलंय, तुमी काही बोलू नका. बोललात तर पळून जाईल, अन् तिकडं त्याची माय घोर लावून बसंल."

"मग तुम्ही लोकांना..."

"तिनं सांगितलं म्हणून." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला राग व्हता. अजून बी हाय. त्या सगळ्या घरांनी फिरताना तर लई येऊन राहिला व्हता. तुला दिसला न्हाई, एवढंच."

अंगणात हळदीच्या ड्रमचा आवाज नव्हता, तो हंगाम अजून दोन महिने लांब होता. काकांनी सतरंजीचं एक टोक माझ्याकडे केलं.

"धर. एकट्याला घडी पडंना."

मी धरलं. आम्ही ती ताणली, जुळवली, दोनदा दुमडली. दुसरी घेतली. एकूण सहा होत्या. शेवटची मंडपवाल्याच्या गाडीत टाकली. त्यांचा राग गेला का, हे मी अजून विचारलेलं नाही.